दादाला मंद केलं तेव्हा

आमच्या घरात नवी वस्तू आधी थोरल्याला मिळते. दादाचे सदरे अण्णाला, अण्णाचं दप्तर मला, हे लहानपणी ठीक होतं. पण आता दादा साठीला टेकला, अण्णानं पंचावन्न ओलांडली, माझे गुडघे जिना चढताना बोलायला लागले, तरी पद्धत तीच आहे. फरक इतकाच, की सदऱ्यांच्या जागी ग्राफिक्स कार्ड आलं.

दोन-तीन वर्षांनी एकदा, दसऱ्याचा मुहूर्त साधून, कोल्हापुरात संग्रामदादा नवं कार्ड आणि नवा प्रोसेसर घेतो. त्याचं जुनं पुण्याला धैर्यशीलअण्णाकडे जातं. अण्णाचं जुनं सांगलीला माझ्याकडे येतं, दोन भावांच्या घरची धूळ खाऊन. माझ्या कॉम्प्युटरमधून जे निघतं ते मी भंगारवाल्याला देते, आणि तोसुद्धा ते दोनदा उलटसुलट करून बघतो.

आम्ही तिघं दर शनिवारी संध्याकाळी आपापल्या घरून 'गडराखण' खेळतो. गडावर शत्रू चालून येतो आणि तिघांनी मिळून गड राखायचा. दादा दरवाजा सांभाळतो, अण्णा तोफा डागतो आणि मी बुरुजावर तिरंदाजांना घेऊन उभी असते. आमच्या आईवडिलांनी नावं ठेवताना जरा अदलाबदल केली असावी. संग्राम नावाच्या माणसानं जन्मात रिक्षावाल्याशीसुद्धा वाद घातलेला नाही, आणि धैर्यशील नावाच्या माणसाला सिग्नल हिरवा होईपर्यंत धीर धरवत नाही. तर असे आम्ही तीन वर्षं 'कुटुंब चषक' खेळत होतो. एका संघात सगळे एकाच घरातले हवेत, एवढीच त्या स्पर्धेची अट. तिन्ही वर्षं आमचा गड उपांत्य फेरीत पडला.

दर वेळी तो पडायचा तो माझ्या बुरुजावरून. शत्रूनं शिड्या लावल्या की माझ्या पडद्यावर चित्र अडखळायचं. एक शिपाई शिडीच्या खालच्या पायरीवर दिसायचा आणि पुढच्या क्षणी माझ्या शेजारी उभा. "ऊर्मे, मार की त्याला," असं अण्णा ओरडायचा. मारणार कसं? तो वर चढताना मला दिसलाच नव्हता.

आता या कॉम्प्युटरमध्ये बदलायचं काय आणि कधी, हे ज्यांना कळत नाही त्यांना मी स्वयंपाकघरात नेते. प्रोसेसर म्हणजे पोळ्या लाटणारी बाई आणि कार्ड म्हणजे भाजणारी. गडावर येणाऱ्या हजारो शिपायांपैकी प्रत्येकानं आता कुठं पळायचं हे प्रोसेसर ठरवतो. त्यांचे फेटे, धुरळा, मशालींचा उजेड हे सगळं कार्ड रंगवतं. लाटणारी मंद असेल तर दुसरा तवा आणून उपयोग नाही. भाजणारी मंद असेल तर लाटणारीनं कितीही हात चालवला तरी लाटलेल्या पोळ्या एकीला एक चिकटून बसतात. तेव्हा आपल्याकडे कोण मंद आहे ते ओळखायचं आणि तेवढंच बदलायचं. हे शहाणपण सगळ्या जगाला ठाऊक आहे, फक्त आमच्या घरात मंद कोण ते न बघता थोरला कोण ते बघतात.

त्या वर्षी श्रावणात अण्णानं मला फोन केला.

"ऊर्मे, मी अडसर घेतलाय."

अडसर म्हणजे साबणाच्या डबीएवढं एक यंत्र. तेव्हा ते नुकतंच बाजारात आलं होतं आणि जिकडेतिकडे त्याचाच बोलबाला होता. त्यामागची कल्पना इतकी साधी, की आपल्याला आधी का सुचली नाही असं वाटावं. कोण किती वेगानं काम करतो हे मोजण्यात अर्थ नाही, कारण जो उगाच धावपळ करतो तोच सगळ्यांत वेगवान दिसतो. त्यापेक्षा एकेकाला मुद्दाम किंचित मंद करायचं आणि शेवटच्या निकालावर काय होतं ते बघायचं. लाटणारीला जरा मंद केलं आणि ताटात पोळी उशिरा पडायला लागली, तर अडसर तीच. काहीच फरक पडला नाही, तर ती आधीपासूनच कुणाची तरी वाट बघत बसली होती.

सुरुवातीला हे यंत्र फक्त कॉम्प्युटरच्या भागांना लावत. मग लोकांनी ते माणसांना लावलं. मिरजेच्या एका मंगल कार्यालयात ते पंगतीला लावलं, तेव्हा जेवणं उशिरा होण्याचं कारण आचारी नसून पाटावरून न उठणारे नवऱ्याचे मामा आहेत असं निघालं. एका सरकारी कचेरीत तर कुणालाही मंद केलं तरी निकालात फरकच पडेना. यंत्र बिघडलंय म्हणून त्यांनी ते परत पाठवलं.

"आपल्या तिघांना लावतो," अण्णा म्हणाला. "म्हणजे या दसऱ्याला कार्ड कुणाकडे जायला हवं ते एकदाचं सिद्ध होईल. वयाचं कौतुक पुरे झालं."

"दादाला सांगितलंस?"

"नाही सांगायचं. ज्याला मंद करायचं त्याला कळलं तर तो सावध होतो आणि आकडे बिघडतात. माहितीपत्रकात पहिलीच सूचना आहे."

"मग मला कसं सांगितलंस?"

"तुझा कॉम्प्युटर मुळात इतका जुना आहे, की तुला मंद केलेलं तुला कळणारच नाही."

मी रागावायला हवं होतं. पण नव्या कार्डाच्या आशेनं मी गप्प बसले. दादाला न सांगता त्याच्यावर काहीतरी करणं बरं नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी 'लाव' म्हटलं.

आमच्या तिघांचे कॉम्प्युटर अण्णाच पुण्यात बसून सांभाळतो, त्यामुळे डबी त्याच्या टेबलावर बसली आणि तिचे हात तिन्ही घरांत पोचले. आधी तिनं प्रोसेसर तपासले, मग कार्डं, मग इंटरनेट आणि शेवटी आम्ही. माणसाला मंद करणं म्हणजे काय, तर आपण बटण दाबलं की ते पापणी लवायला लागतो त्याहून कमी वेळ रोखून धरायचं आणि मग सोडायचं. त्यात काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. फक्त आपला हात आपल्यापेक्षा जरा मागून येतोय असं वाटतं.

ज्या शनिवारी अण्णाची पाळी होती, त्या शनिवारी त्यानं खेळ अर्धा टाकून इंटरनेटवाल्यांना फोन लावला आणि इतकं झाडलं, की दुसऱ्या दिवशी त्यांची दोन माणसं त्याच्या सोसायटीच्या खांबावर चढून बसली. डबी त्याच्या डोळ्यांसमोर होती, तरी आपल्यालाही ती मंद करू शकते हे त्याच्या डोक्यात आलं नाही. मला मंद केलं तेव्हा मी कॉम्प्युटर उघडून जुन्या टूथब्रशनं पंखा घासला. त्यात माझ्या कुडीची हरवलेली फिरकी सापडली, एवढाच फायदा.

दादा काही बोलला नाही. लढाई ऐन रंगात आली की "ऊर्मे, जेवलीस काय?" असं विचारायची त्याला सवय होती, ती मात्र त्यानं सोडली. मला वाटलं, वाऽ, दादा आता खेळात लक्ष घालायला लागला.

भाद्रपद संपता संपता अहवाल आला. अण्णानं तो मला फोनवर वाचून दाखवला.

"ऊर्मिला. मंद केल्यास गड पडतो. अडसर इथेच आहे. कारण, कार्ड."

मी खुर्चीतल्या खुर्चीत उडाले. "पुढे वाच."

"धैर्यशील." अण्णा थांबला. "यात काहीतरी चूक आहे."

"वाच की."

"मंद केल्यास निकाल सुधारतो."

मी इतकी हसले, की शेजारच्या खोलीतून आमचे हे बघायला आले. अण्णाच्या निम्म्या तोफा घाईत आमच्याच तटावर पडतात, हे मी किती वर्षं सांगत होते.

"आणि दादा?"

"संग्राम. परिणाम शून्य. हा भाग काढून टाकल्यास फरक पडणार नाही."

मग अण्णा म्हणाला, की त्याच्याबद्दलचा आकडा चुकला असला तरी दादाबद्दलचा बरोबर वाटतो. दादा नुसता दारात उभा असतो. त्याच्या जागी अण्णाच्या मुलीला घेता येईल, ती चपळ आहे आणि घरातलीच आहे. म्हणजे नवं कार्ड ऊर्मीला, दरवाजा पोरीला आणि चषक आपला.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा एखादी वस्तू खोक्यासकट माझ्याकडे येणार होती. फक्त दादाला हे सांगायचं कुणी, यावर आमचं अडलं. अण्णा म्हणाला, तू लाडकी आहेस, तू सांग. मी म्हटलं, अकलेचे तारे तू तोडलेस, तू सांग. असे आठ-दहा दिवस गेले आणि मग कोल्हापूरहून सरोजवहिनींचा फोन आला.

"वन्सं, तुम्ही हातापायाचं बघता म्हणून इचारते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे घरातले सगळे गुडघे आणि खांदे माझ्याकडे येतात. "ह्यांच्या हाताला काय झालंय ते बघायला यायला जमंल काय?"

"काय झालंय?"

"पहाटे उठून त्या कॉम्प्युटरफुडं बसत्यात. दार लावायचं, दार उघडायचं, परत लावायचं, तेवढंच करत्यात. चहाबी तिथंच. स्कूटर चालवायची सोडलीया, नातीला शाळंला रिक्षा लावलीया. परवा आरशाफुडं दोन्ही हात लांब करून हुबे हुते. मामंजींचं झालं तसं व्हायलंय म्हणत्यात."

आमच्या वडिलांना कंपवात होता. त्याची सुरुवात अशीच झाली होती. ते कपाकडे हात न्यायचे आणि हात जरा मागून पोचायचा. पुढं काय काय झालं ते दादानंच पाहिलं, कारण आम्ही दोघं तेव्हा नोकऱ्यांच्या गावी होतो. अंघोळ घालण्यापासून घास भरवण्यापर्यंत सगळं त्यानं केलं होतं.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं की. डोक्याचा फोटो काढायला घालून आले त्या नळकांड्यात. काय न्हाई म्हणाला डॉक्टर. ह्यांना वाटतंय लपवालाय. तुम्हास्नी सांगू नको म्हणालेत, स्पर्धा हुईपर्यंत."

मी फोन ठेवला आणि अण्णाकडून अख्खा अहवाल मागवून घेतला. त्यानं मला नुसती शेवटची ओळ वाचून दाखवली होती. आत सविस्तर लिहिलं होतं. पहिल्या शनिवारी यंत्रानं दादाला किंचित मंद केलं. निकाल बदलला नाही. बदल दिसेना म्हणून पुढच्या शनिवारी यंत्रानं त्याला आणखी मंद केलं. तरी दरवाजा टिकला. मग आणखी. आम्हा दोघांना एकेका शनिवारात सोडून देणारं ते यंत्र दादाच्या मागं महिनाभर लागलं होतं. शत्रू दिसल्यावर दार लावून भागत नव्हतं, म्हणून तो शत्रू दिसायच्या आधी दार लावायला शिकला होता. कोणता शिपाई कुठून येतो, ढोल किती वेळ वाजला की हल्ला होतो, हे त्यानं पहाटे बसून पाठ केलं होतं. प्रोसेसरला मंद केलं की तो मंद होतो, इतकंच. माणूस उठून सराव करायला लागतो, हे यंत्र काढणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. दादानं आमचं सगळं पाप एकट्यानं भरून काढलं होतं, आणि त्या भरून काढण्याला यंत्रानं नाव दिलं होतं 'परिणाम शून्य'.

मला माझी लाज वाटली. अण्णाला फोन करून मी आधी डबी बंद करायला लावली.

"आता फोनवर सांगून टाकू त्याला," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज पार उतरला होता.

"फोनवर नाही. जाऊन सांगायचं."

खंडेनवमीला आम्ही दोघं कोल्हापुरात पोचलो. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पूर्वी कोयता, विळी आणि वडिलांचा पाना असायचा. आता पाटावर झेंडूच्या फुलांत दादाचा कीबोर्ड ठेवला होता, त्याच्या मधल्या बटणांवर हळदकुंकू वाहिलेलं. शेजारी दोन नवी कोरी खोकी होती. एकावर दादाच्या वळणदार अक्षरात 'ऊर्मी' असं लिहून चिकटवलं होतं आणि दुसऱ्यावर 'धैर्यशील'.

"बरं झालं दोघंबी आलासा," दादा म्हणाला. तो वाळला होता. "औंदा नवं कार्ड ऊर्मीला आणि प्रोसेसर तुला. तुझ्या पोरीला घे दारावर. माझ्यानं आता हुईत न्हाई."

जे सांगायला आम्ही आठ-दहा दिवस धजावलो नव्हतो, ते त्यानं चहा यायच्या आत सांगून टाकलं. मी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. बोटं एकेक करून अंगठ्याला लाव म्हटलं, मनगट फिरव म्हटलं, डोळे मिटून नाकाला बोट लाव म्हटलं. सगळं त्यानं पहिल्या फटक्यात केलं.

"काय म्हणतंय?" दादानं विचारलं. आवाज शांत ठेवायची तो पराकाष्ठा करत होता.

अण्णानं घसा खाकरला. "दादा, त्याचं असं आहे. कुठल्याही साखळीत जी सगळ्यांत मंद कडी असते ना, ती शोधण्याची एक पद्धत..."

"अण्णा, गप्प बस," मी म्हटलं. "दादा, यानं तुझी बटणं मुद्दाम मंद केली होती. कोण अडखळतंय ते बघायला. तुला न सांगता. आणि मला माहीत होतं."

दादानं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं.

"कधीपास्नं?"

"श्रावणापासून."

"म्हणजे माझ्या हाताला काय झालेलं न्हाई?"

"काही झालेलं नाही. माझ्यापेक्षा चांगला आहे तुझा हात."

तो दिवाणावर बसला. खांद्यावरचा पंचा त्यानं तोंडाशी धरला. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. मला वाटलं, हा आता आम्हाला घराबाहेर काढणार, आणि काढलं तर ते योग्यच होतं.

"त्या नळकांड्यात पडलो हुतो," तो पंच्याआडून म्हणाला. "आत ठकठक आवाज हुतोय. मी आपला इचार करालोय, आता माझं तोंड कोण धुणार. ही धुणार म्हणजे हिची कंबर जाणार. तुम्हा दोघांस्नी बोलवायचं न्हाई असं ठरवून टाकलं हुतं."

अण्णा रडायला लागला. आमच्या घरात अण्णा रडलेला कुणी पाहिला नव्हता. रडतानाही तो घाईतच रडत होता.

"दादा, फक्त शोधायचं होतं रे कोण मंद आहे ते."

"मला इचारायचं हुतंस की लगा."

"तुला माहीत होतं?"

"त्यात काय म्हाईत नसायचं? तिघंबी." त्यानं पंचा खाली घेतला. डोळे लाल होते, पण तोंडावर रंग आला होता. "पन्नाशीच्या फुडं गेलेली माणसं आपण. आणि ह्यासाठी तू यंत्र आणलंस."

मग त्यानं चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश. दुसरा कप मागितला. वहिनींना म्हणाला, परवापास्नं रिक्षावाल्याला सांग येऊ नको म्हणून, नातीला मी सोडतो. दुसरा कप संपल्यावर त्याची नजर पाटावरच्या खोक्यांकडे गेली. माझ्या नावाचं खोकं तोवर मी मांडीवर घेतलं होतं. कधी घेतलं ते माझं मलाच कळलं नव्हतं. नव्या खोक्याला एक वास असतो आणि मी तो पहिल्यांदाच घेत होते.

"आण हिकडं," दादा म्हणाला.

"काय?"

"खोकं. पूजा झाली की लावतो माझ्या कॉम्प्युटरला. माझं जुनं ह्याला, ह्याचं जुनं तुला. पद्धत हाय आपली."

"अरे, पण ऊर्मीचं कार्डच अडसर आहे," अण्णा डोळे पुसत म्हणाला. "हे शास्त्रानं सिद्ध झालंय दादा, एवढं तरी ऐक."

"मग तिनं पहाटे उठावं," दादा म्हणाला.

मी खोकं सोडलं नाही. इतक्या वर्षांनी हातात आलेलं कार्ड कोण सहजासहजी सोडेल? मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं, तर त्यानं वाकून ते पकडलं आणि एका हिसक्यात माझ्या मांडीवरून ओढून नेलं. इतक्या जोरात, इतक्या चटकन, की माझ्या बोटांत नुसता माझ्या नावाचा कागद फाटून राहिला. मला तेव्हा जितका आनंद झाला, तितका नवं कार्ड मिळून झाला नसता.